गडचिरोलीसारख्या विरळ वस्तीत दवाखाना, शाळा, रेशन 'जवळ आहे' हे मोजायचं कसं?

टोलेकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एका छोट्या संस्थेसाठी गडचिरोलीच्या दक्षिण भागाचा, म्हणजे अहेरी, एटापल्ली, भामरागड या पट्ट्याचा नकाशा करतोय. कुठल्या गावाला दवाखाना, शाळा, रेशन दुकान, बँक किती जवळ हे दाखवायचंय. सुरुवात सगळे करतात तशीच केली, क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर उघडलं, पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्रं) आणि उपकेंद्रं टाकली, भोवती 5 किमीची वर्तुळं काढली, आतलं गाव हिरवं, बाहेरचं लाल. दिसायला एकदम झकास. पण त्या भागात वाढलेला एक सहकारी स्क्रीनकडे बघून म्हणाला, हे हिरवं गाव दिसतंय ना भाऊ, त्याच्या आणि दवाखान्याच्या मधून नदी जाते आणि पूल आहे तो पार खाली, मग हे हिरवं कसं काय?

मग म्हटलं जनगणनेची गावनिहाय माहिती बघू. 2011 च्या ग्राम निर्देशिकेत गावात सोय नसेल तर अंतराचा कोड दिलाय, 5 किमीच्या आत असेल तर a, 5 ते 10 असेल तर b, आणि 10 च्या वर c. म्हणजे 11 किमीवाला पण c आणि 60 किमीवाला पण c. पुण्याजवळच्या तालुक्यात हे चालून जाईल, इथे अर्धा तालुका c मध्येच बसतो आणि नकाशा सगळा एकाच रंगाचा होतो.

तर विचारायचं हे की विरळ वस्तीच्या भागात हे नीट मोजायची पद्धत काय, अंतर घ्यायचं की वेळ, वेळ घेतला तर पायी की गाडीने, आणि संस्थेच्या साहेबांना शेवटी 'एक आकडा द्या' असं पाहिजे असतं त्यांना काय द्यायचं? कोणी केलं असेल असं काम तर सांगा.

नकाशेखोर

वर्तुळं आधी काढून टाका, ती सपाट आणि दाट वस्तीच्या भागासाठी ठीक आहेत. प्रवासाचा वेळ घ्या. डब्ल्यूएचओचं अॅक्सेसमॉड नावाचं फुकट टूल आहे, त्यात जमिनीचा प्रकार, रस्ते, उतार, नद्या असं सगळं टाकता येतं आणि प्रत्येक प्रकाराला तुम्ही वेग ठरवता, रस्त्यावर इतका, जंगलातून पायी इतका, नदीवर शून्य म्हणजे अडथळा, जिथे पूल आहे तिथेच वाट मोकळी. तुमच्या सहकाऱ्याचं गाव तिथल्या तिथे हिरव्याचं लाल होईल. पायी वेगासाठी लोक टोब्लरचं, म्हणजे उतारावरून चालण्याचा वेग काढायचं, सूत्र वापरतात, सपाटीवर ताशी 5 किमीच्या आसपास येतो. पण तो धडधाकट माणसाचा. पोटुशी बाई, तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेतलेली आई, हे ताशी 5 ने चालत नाहीत, वेग निम्म्यावर आणून परत चालवून बघा.

तयार जागतिक नकाशेपण आहेत, मलेरिया अॅटलास प्रोजेक्टचे, पायी आणि वाहनाने असे दोन्ही. राज्याचा अंदाज घ्यायला चांगले आहेत पण त्यांचा एक चौकोन साधारण एक किमीचा असतो, तुमच्याकडचे नाले त्यात दिसणारच नाहीत आणि तुमच्याकडे सगळा खेळ नाल्यांचाच आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर रस्ते आहेत पण पायवाटा फारच कमी, त्या भरून घ्याव्या लागतील, आणि जिथे रपटा, म्हणजे पुरात बुडणारा ठेंगणा पूल, आहे तिथे पक्का पूल म्हणून टाकलाय का तेही तपासा.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. पहिली, गावाचा बिंदू कुठला घेतलाय. महसुली गावाच्या हद्दीचा मध्यबिंदू घेतलात तर तो धड जंगलात पडतो, माणसं दुसरीकडेच राहतात, आणि एका गावाचे तीन-चार टोले, म्हणजे वेगवेगळ्या छोट्या वस्त्या, एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर असले तर कुठला धरणार? टोला हाच एकक धरा, गाव नको. दुसरी, जिल्ह्याच्या सीमेवर डेटा कापू नका. सिरोंच्याची माणसं उपचाराला तेलंगणात जातात, आणि हेमलकशाच्या लोकबिरादरीच्या दवाखान्यात छत्तीसगडचे पेशंट येतात. फक्त आपल्या जिल्ह्यातले दवाखाने घेतले तर सीमेवरचा सगळा भाग चुकीचा येणार.

बोलका_पोपट

राग मानू नका पण भामरागडला सोयी नाहीत हे सांगायला एवढं सॉफ्टवेअर कशाला लागतं? पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो ही बातमी दर पावसाळ्यात पेपरात असते. मोजण्यात वर्षं जातात, अहवाल निघतो, मग त्या अहवालावर कार्यशाळा. तेवढ्या पैशात दोन रपटे उंच झाले असते.

आकडेमोड

@बोलका_पोपट संताप कळतो, पण सोयी वाटल्या जातात त्या मोजमापावरच, आणि आत्ताचं मोजमाप डोक्यांचं आहे. नियम बघा: उपकेंद्र सपाटीवर 5,000 लोकसंख्येला आणि डोंगरी-आदिवासी भागात 3,000 ला, पीएचसी 30,000 ला आणि आदिवासी भागात 20,000 ला. ऐकायला वाटतं आदिवासी भागाला सवलत दिलीये. आता हेच क्षेत्रफळात मांडा.

2011 ला महाराष्ट्राची सरासरी घनता चौरस किमीला 365 होती. 30,000 माणसं म्हणजे साधारण 82 चौ. किमी, त्याचं वर्तुळ केलं तर त्रिज्या 5 किमीच्या थोडी वर. गडचिरोलीची घनता 74. सवलतीतले 20,000 धरले तरी 270 चौ. किमी, त्रिज्या सव्वानऊ किमी. ही जिल्ह्याची सरासरी झाली, तीत वडसा-आरमोरीचा धानाचा दाट पट्टापण आला. जिथे घनता 20 वर येते तिथे एका पीएचसीच्या वाट्याला 1,000 चौ. किमी, त्रिज्या जवळपास 18 किमी, आणि तीही सरळ रेषेत, मधे एकही नदी-डोंगर नाही असं धरून. भामरागड तालुक्याची लोकसंख्या 2011 ला 36 हजारांच्या आसपास होती, म्हणजे नियमाने दोन पीएचसीसुद्धा जेमतेमच बसतात. प्रत्यक्षात सरकार काही ठिकाणी नियमापेक्षा जास्त देतं, पण ते 'विशेष बाब' म्हणून, हक्क म्हणून नाही. फाइल मंत्रालयात गेली की लोकसंख्या बसत नाही असा शेरा येतो. त्या शेऱ्याला उत्तर द्यायचं तर वेळेचा आकडाच लागतो, पेपरातली बातमी चालत नाही.

रस्त्यांच्या बाबतीत हे थोडं आधी समजलं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाटीवर 500 वस्तीची अट, डोंगरी-आदिवासी भागात 250, आणि नक्षलग्रस्त तालुक्यांसाठी पुढे 100 पर्यंत खाली आणली. तरी साठ माणसांचा टोला त्याच्याही खाली राहतो.

आणखी एक सापळा सांगतो. 'लाख लोकसंख्येमागे डॉक्टर' हा आकडा विरळ भागात कधीच वापरू नका. माणसंच कमी म्हटल्यावर एकच डॉक्टर असला तरी आकडा झकास दिसतो, कागदावर तालुका पुण्याच्या तोडीचा, आणि तो डॉक्टर आहे तीन तासांवर. टू-स्टेप फ्लोटिंग कॅचमेंट म्हणून जी पद्धत सगळे थिसिसमध्ये वापरतात तीही इथे हाच घोळ घालते, कारण ती मुळात गर्दी मोजते, म्हणजे एका दवाखान्यावर किती माणसांचा भार, आणि तुमचा प्रश्न गर्दीचा नाही.

टोलेकर

वा, हे त्रिज्येचं गणित सरळ अहवालात टाकतो. पण एक शंका, वेळ काढला तरी तो दवाखान्याच्या इमारतीपर्यंतचाच ना? इमारत आहे पण उघडी आहे का हे कुठल्या लेयरमध्ये येणार?

निवृत्त_सिस्टर

मी आरोग्य सेविका होते, नोकरी सगळी दुर्गम भागातच झाली, तुमच्या नकाशाचं मला काही कळत नाही पण शेवटचा प्रश्न बरोबर विचारलात म्हणून लिहिते आहे.

उपकेंद्र म्हणजे मी. मी ज्या दिवशी मीटिंगला तालुक्याला गेले किंवा लसीकरणाला दुसऱ्या टोल्यावर गेले त्या दिवशी ते उपकेंद्र नाही, नुसत्या चार भिंती आहेत. आणि आठवड्यातले निम्मे दिवस मला फिरतीवरच असायला पाहिजे हे माझ्या कामातच लिहिलेलं होतं. तेव्हा तुमचा नकाशा जर म्हणत असेल की या टोल्याला उपकेंद्र एक तासावर आहे तर त्याच्यापुढे लिहा की कुठल्या वारी. पद रिकामं असेल तर तेही लिहा. दोन उपकेंद्रांचा चार्ज एकीकडे असेल तर नकाशावर ती दोन दिसतात, माणूस एकच असतो.

पावसाळ्याचं म्हणाल तर त्याचा नकाशाच वेगळा काढा. रस्त्याने गाडी जाते ती डिसेंबर ते मे. जूनपासून रपट्यावर पाणी आलं की अलीकडे थांबायचं, पाणी उतरेपर्यंत, ते दोन तासांत उतरेल किंवा दोन दिवसांत. पेशंट असला की खाट उलटी करून दोर बांधून बांबूला अडकवायची आणि चार जणांनी खांदा बदलत आणायची, पलीकडे गाडी उभी असेल तर नशीब. 108 ला फोन लावायचा तर आधी रेंजसाठी टेकडीवर जायचं, हा वेळ तुमच्या हिशेबात धरलाय का? रस्त्याचाच वेळ धरता तुम्ही लोक. माणूस आजारी पडल्यापासून ते हात लागेपर्यंत जो वेळ जातो त्यातला गाडीतला वेळ बरेचदा सगळ्यात कमी असतो.

बाळंतपणासाठी पीएचसीत माहेरघर आहे, तारखेच्या आधी येऊन राहायचं, सोबत आईला किंवा लहान पोराला आणता येतं. चांगली योजना आहे, मी स्वतः कितीतरी जणींना पाठवलं. पण मोहफुलाच्या दिवसांत, नाहीतर मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या वेळी, बाई दहा दिवस आधी येऊन बसेल का, वर्षाची कमाई तीच असते. या दिवसांत लसीकरणालापण टोला रिकामाच, सगळे पहाटे जंगलात. आम्ही वरून रिपोर्ट मागतात म्हणून लिहायचो 'लाभार्थी अनुपस्थित'. अनुपस्थित कोण होतं खरं तर, त्यांच्या वेळेला आम्ही नव्हतो.

आणि भाषा. माडिया बोलणारी आशाताई सोबत असली की बाई सगळं सांगते, नसली की मान हलवते नुसती, आणि मग 'सल्ला दिला' असा कागद तयार होतो. दारात दवाखाना असून बाई येत नसेल तर ते अंतर किती किलोमीटर धरायचं ते तुम्हीच ठरवा.

नकाशेखोर

ताई, तुमची ही पोस्ट मी सेव्ह करून ठेवलीये. टोलेकर, ताईंनी सांगितलेलं सगळं मोजता येतं फक्त ते जीआयएसमधून, म्हणजे नकाशाच्या सॉफ्टवेअरमधून, येत नाही. इमारतीच्या जागी 'उघडा असलेला तास' हे एकक घ्या, म्हणजे आठवड्यात किती तास तिथे काम करणारा माणूस असतो. पावसाळी नकाशासाठी तेच मॉडेल दोनदा चालवा, एकदा सगळे रपटे उघडे, एकदा सगळे बंद. दोन्ही नकाशांतला फरक हाच मला वाटतं तुमचा सगळ्यात कामाचा नकाशा असेल, कारण कुठला एक रपटा उंच केला तर किती टोले परत जोडले जातात हे त्यातून थेट निघतं. @बोलका_पोपट तुमचे दोन रपटे कुठले घ्यायचे ते इथून कळेल.

बोलका_पोपट

हे असं असेल तर मोजा बुवा.

एसटीवाले_गुरुजी

जिल्हा परिषद शाळेवर आहे, बोलायचं होतं ते बसबद्दल. सगळे वन-वे मोजतात. माणसाला परत पण यायचं असतं हो. आमच्या गावाला मुक्कामी गाडी होती, म्हणजे रात्री येऊन थांबायची आणि पहाटे निघायची, त्या गाडीने माणूस तालुक्याला दहाच्या आत पोचायचा, तहसीलमधला दाखला, बँकेतले रोहयोचे पैसे, पोराचं दुखणं, सगळं उरकून संध्याकाळच्या गाडीने परत. ती मुक्कामी बंद झाली आणि त्याच्या बदल्यात दुपारची फेरी दिली. कागदावर गावाला बस आहेच, वेळ तोच, अंतर तेच, तिकीट तेच. पण दुपारी पोचलं की कामाला दोन तास मिळतात, साहेब जेवायला गेलेले, सर्व्हर डाऊन, आणि परतीला गाडी नाही म्हणजे मुक्काम आला, मुक्काम म्हणजे खर्च आणि दोन दिवसांची मजुरी. तेव्हा मोजायचंच असेल तर एकच गोष्ट मोजा, सकाळी घरून निघालेला माणूस काम करून त्याच दिवशी अंधाराच्या आत घरी येतो की नाही. हो किंवा नाही.

आठवडी बाजार पण धरा. आमच्याकडे माणूस दवाखान्यात जायला म्हणून निघत नाही, बाजाराला निघतो आणि जाता जाता दवाखाना, रेशन, बँक करतो. त्या दिवशी काळी-पिवळी आणि ट्रॅक्टर मिळतात, बाकी दिवशी काहीच नाही. आता त्याच दिवशी रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनला रेंज नसेल किंवा बँक मित्राकडचे पैसे संपले असतील तर त्या टोल्याला ती सेवा पुढच्या आठवड्यापर्यंत नाहीच असं समजा.

शाळेचं तर बोलायलाच नको. आरटीईच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा 1 किमीच्या आत आणि आठवीपर्यंतची 3 किमीच्या आत. मग 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळेचे, म्हणजे अशा शाळा एकत्र करून एक मोठी करण्याचे, प्रस्ताव मागवले, उदाहरण म्हणून तोरणमाळ आणि पानशेत. राज्यात अशा शाळा 15 हजारांच्या घरात. मुलांना गाडीने नेऊ म्हणतात, नेतील पण, पण सहा वर्षांच्या पोराला नाल्यापलीकडे रोज नेणारी गाडी जुलैमध्ये कुठून जाणार ते त्या प्रस्तावात कुठल्या रकान्यात लिहायचं? विरळ वस्तीत पट कमीच असणार, वस्तीच तेवढी आहे.

सातपुड्यातला

आमच्या धडगाव तालुक्यातही हेच, फक्त टोल्याच्या जागी पाडा म्हणा आणि खाटेच्या जागी बांबूची झोळी. एक भर घालतो. सरदार सरोवराच्या पाण्यामुळे नर्मदेकाठच्या काही पाड्यांना रस्त्यापेक्षा बोट सोयीची, तिथे बोट अॅम्ब्युलन्स आणि तरंगता दवाखाना आहे. तुमच्या मॉडेलमध्ये 'नदी म्हणजे अडथळा' असं सरसकट टाकलं की हे पाडे पूर्णच चुकतात. तुमच्याकडे इंद्रावतीला डोंगे चालतात ना? मग उन्हाळ्यात तीच नदी वाट आहे. शिवाय आमच्याकडे एक पाडा डोंगराच्या माथ्यावर आणि दुसरा त्याच गावाचा पार खाली, सरळ अंतर काहीच नाही, उतरायला अर्धा तास आणि चढायला दीड. जातानाचा आणि येतानाचा वेळ वेगवेगळा काढा.

पर्थकर_मावशी

ऑस्ट्रेलियात नर्सिंगमध्ये आहे, इथे काय करतात ते थोडक्यात. ARIA+ म्हणून दुर्गमतेचा निर्देशांक आहे, वस्तीपासून लहान-मोठ्या आकाराच्या सेवा केंद्रांपर्यंत रस्त्याने किती अंतर त्यावरून शून्य ते पंधरा असा आकडा देतात आणि त्यावरून दुर्गमतेचे पाच वर्ग पाडतात. आरोग्य खात्याचं मोनॅश मॉडेल वेगळं, सात वर्ग, त्यात गावाचा आकारही बघतात आणि दुर्गम भागात जाणाऱ्या डॉक्टरांचे जादा पैसे त्यावर ठरतात. घेण्यासारखं एवढंच की वर्ग एकदा ठरला की पैसा आपोआप वर्गाप्रमाणे जातो, दरवेळी 'विशेष बाब' करत बसावं लागत नाही. बाकी इथे दुर्गम माणसाकडेही बहुतेक स्वतःची गाडी असते, त्यामुळे रस्त्याचं अंतर मोजून भागतं. तुमच्याकडे नाही भागणार.

टोलेकर

सगळ्यांचे मनापासून आभार, विचारलं होतं एक आणि मिळालं दहापट. आता साहेबांच्या एका आकड्याचं सांगा कोणीतरी, त्यांना सरासरी वेळ पाहिजे आहे.

आकडेमोड

सरासरी देऊ नका, कृपया. तालुक्याच्या ठिकाणी आणि डांबरी रस्त्याकाठी बरीच वस्ती असते, ती सरासरीला खाली ओढते आणि आतले टोले त्यात बुडून जातात. वर्षभर मेहनत करून रस्त्याकाठच्या दवाखान्याला दुसरा डॉक्टर दिला तरी सरासरी सुधारते, आतल्या माणसाला काडीचा फरक नाही.

गुरुजींचा निकष घ्या, तोच तुमचा आकडा: 'काम करून त्याच दिवशी परत येऊ न शकणारी माणसं किती', टक्क्यात नाही, थेट डोकी, आणि दोनदा, एकदा उन्हाळ्यात एकदा पावसाळ्यात. टक्के दिले की 4 टक्के वाचून कोणी मान वर करत नाही. सोबत त्या टोल्यांची नावांसकट यादी जोडा, आकड्यापेक्षा यादीवर काम होतं. लोकसंख्या 2011 चीच वापरावी लागेल, पुढची जनगणना 2027 ला, त्यामुळे आशाताईंच्या रजिस्टरवरून टोलानिहाय घरं मिळाली तर सोनं. आणि टोल्याच्या पातळीवर मृत्यूदर वगैरे काढायच्या फंदात पडू नका, साठ माणसांत एक मृत्यू झाला की दर आभाळाला लागतो आणि पुढच्या वर्षी शून्य, त्यातून काही कळत नाही.

टोलेकर

पटलं. पावसाळ्यात कुठले टोले तुटतात हे मात्र मला मॉडेलवर सोडायचं नाहीये. प्रत्येक रपट्यावर जाऊन बघणं शक्य नाही. अशी यादी कुठे तयार असते का?

निवृत्त_सिस्टर

असते की. आदिवासी भागासाठीच्या नवसंजीवनी योजनेखाली पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांची यादी दरवर्षी करतात, त्या गावांना चार महिन्यांचं रेशन आणि औषधं आधीच पोचवायची असतात म्हणून. धान्याची यादी तहसीलच्या पुरवठा शाखेत मिळेल, औषधांची तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे. दोन्ही मागा, कारण दोन्ही सारख्या नसतात, आमच्या वेळी तरी आमच्या यादीत असलेले टोले धान्याच्या यादीत सापडायचे नाहीत. मे महिन्यात जा, तेव्हा ती टेबलावरच असते. आणि भरारी पथकाचा, म्हणजे फिरत्या वैद्यकीय पथकाचा, ड्रायव्हर भेटला तर त्याला चहा पाजा, कुठला रपटा किती पावसात बुडतो ते त्याला तोंडपाठ असतं.